लगाम कोणाच्या हाती?

गुप्तवार्ता यंत्रणांचे प्रमुख आणि लोकनियुक्त नेतृत्व

(वऱ्हाडातील श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या देशात सर्वांत सामर्थ्यवान व्यक्ती कोण, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे. देशाचे पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री. जनतेने त्यांना निवडून दिले आहे आणि जनता त्यांना घरीही पाठवू शकते. परंतु या सामर्थ्यवान व्यक्तीला रोज काय कळावे, कोणती बातमी आधी कळावी, कोणती उशिरा कळावी आणि कोणती कधीच कळू नये, हे ज्याच्या हाती असते, त्याचे सामर्थ्य किती? त्याला कोणी निवडून दिलेले नसते. त्याचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असे आपल्याकडे म्हणतात. राज्यकारभारात ज्याच्या हाती बातमी तो पारधी.

हा विषय दिल्लीचा आहे, त्याच्याशी अमरावती-अकोल्याचा काय संबंध, असे काहींच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

दादासाहेबांच्या सहवासातील 'स्वामी'

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचा परिचय या व्यासपीठावरून करून देण्याची गरज नाही. १८९७ मध्ये राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले, तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. १९०८ मध्ये लोकमान्यांना मंडालेस धाडण्यात आल्यावर त्यांच्या सुटकेसाठी खटपट करायला दादासाहेब स्वतः विलायतेस गेले आणि १९१० मध्ये परतले. पुढे १९११ च्या डिसेंबरपासून काही महिने ते शिर्डीस साईबाबांच्या सान्निध्यात राहिले. त्या मुक्कामाची त्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. या रोजनिशीत 'हंस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका साधुवृत्तीच्या गृहस्थाचा उल्लेख येतो. खापर्डे कुटुंबाचा त्याने विश्वास संपादन केला होता. अध्यात्माच्या गोष्टी करणारा हा मनुष्य सरकारच्या गुप्त पोलिसांचा हस्तक होता, हे नंतर उघड झाले, असे त्या रोजनिशीच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे.

हा प्रसंग केवळ रंजक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. संन्याशाच्या वेषात हेर पाठवण्याची युक्ती कौटिल्यालाही ठाऊक होती. राज्य चालवायचे तर हेर हवेत, याविषयी भारतीय राजनीतिशास्त्राने कधी भोळेपणा दाखवलेला नाही. प्रश्न वेगळा आहे. दादासाहेबांविषयीचे ते टिपण कोणाच्या टेबलावर गेले? ते खरे की खोटे, हे कोणी तपासले? ते लिहिणारा कोणाला उत्तरदायी होता? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकच होती : सरकार. आणि त्या सरकारात भारतीय जनतेला काडीचेही स्थान नव्हते.

१८८७ मध्ये ब्रिटिश सरकारने मध्यवर्ती विशेष शाखा स्थापन केली. तिचा उगम ठगी आणि डाकेती खात्यात होता. लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये, तिला गुन्हे अन्वेषण गुप्तवार्तेचे स्वतंत्र खाते बनवण्यात आले आणि १९२० मध्ये 'इंटेलिजन्स ब्युरो' हे आजचे नाव मिळाले. ठगांचा माग काढण्यासाठी जन्मलेली यंत्रणा टिळक-खापर्ड्यांचा माग काढू लागली. १९२४ ते १९३१ या काळात तिचा प्रमुख असलेला डेव्हिड पेट्री पुढे इंग्लंडच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेचा प्रमुख झाला. यावरून साम्राज्याच्या दृष्टीने हिंदुस्थानातील या पदाचे महत्त्व किती होते, ते ध्यानात येते.

नागपूरच्या सभागृहातील लढाई

१९३० च्या जंगल सत्याग्रहात, यवतमाळजवळ लोहारा येथे २१ जुलै रोजी, डॉ. हेडगेवारांनी कायदेभंग केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी अकोल्याच्या कारागृहात भोगली. तेव्हापासून मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारची संघाकडे पाहण्याची दृष्टी अधिकच संशयी झाली. डिसेंबर १९३२ मध्ये सरकारने परिपत्रक काढून सरकारी नोकरांना संघात भाग घेण्यास मनाई केली. वर्षभराने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या नोकरांनाही तशीच मनाई झाली. शाळेतला शिक्षक, नगरपालिकेतला कारकून, सर्वांच्या पोटावर पाय देण्याची ती तजवीज होती.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतात दोन प्रकारची खाती निर्माण केली होती. शिक्षण, आरोग्य अशी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिली गेली. पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था मात्र 'राखीव' ठेवण्यात आली. ती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील सभासदाकडे असत आणि विधिमंडळाला त्यांच्यावर अधिकार नसे. म्हणजे शाळा तुमची, पण शाळेतल्या मास्तरांवर पाळत ठेवणारा आमचा, असा तो न्याय होता.

तरीही मार्च १९३४ मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनात या परिपत्रकाविरुद्ध कपात सूचना आली. दादासाहेबांचे पुत्र बाळकृष्ण खापर्डे हेही त्या सभागृहाचे सभासद होते. चर्चेचा रोख एकाच मुद्द्यावर होता : संघ जातीय आहे, राजकीय आहे, हे सरकारला कोणत्या पुराव्यावरून कळले? पुरावा असेल तर सभागृहापुढे ठेवा. सरकारला तो ठेवता आला नाही. गोपनीय माहिती हेच शस्त्र होते आणि तीच ढालही होती. कपात सूचना संमत झाली, सभागृहात सरकारचा पराभव झाला आणि परिपत्रक निष्प्रभ ठरले.

स्वयंसेवकांच्या घरांत ही आठवण अभिमानाने सांगितली जाते. परंतु तिचा खरा धडा विजयापेक्षा मोठा आहे. ज्या सभागृहाला पोलिसांवर अधिकार नव्हता, त्या सभागृहानेही एक प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखवले आणि त्या एका प्रश्नापुढे गोपनीयतेचा पडदा टिकला नाही. लोकप्रतिनिधीने विचारायचे असते. न विचारणारा लोकप्रतिनिधी आपली सत्ता आपल्या हाताने दुसऱ्याच्या स्वाधीन करतो.

निवडीची सत्ता

स्वातंत्र्य आले. राखीव खाती गेली. गृहमंत्री जनतेचा झाला. गुप्तचर विभागाच्या रचनेत मात्र मूलभूत बदल झाला नाही. १९५० मध्ये भोलानाथ मलिक या विभागाचे संचालक झाले आणि १९६४ पर्यंत त्या पदावर राहिले. एवढ्या काळात तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, मंत्री आले-गेले, सेनाप्रमुख बदलले; संचालक कायम होते. त्यांच्या कष्टाळूपणाविषयी आणि देशनिष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सीमेवर चौक्या पुढे नेल्या तरी चीन मोठे प्रत्युत्तर देणार नाही, या त्यांच्या विभागाच्या अंदाजावर पंडित नेहरूंच्या सरकारने विसंबून राहावे आणि १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याची किंमत हिमालयात जवानांनी रक्ताने मोजावी, ही घटना विसरता येत नाही.

येथे कटकारस्थान शोधण्याची गरज नाही. गुप्तचर प्रमुखाची सत्ता बहुधा कारस्थानाची नसते. ती निवडीची असते. शंभर बातम्यांतून पाच कोणत्या पुढे ठेवायच्या, ही ती सत्ता. आणि राज्यकर्त्याला आवडणारीच पाच टिपणे त्याच्यापुढे येऊ लागली की ती सत्ता राष्ट्राला घातक होते. कौटिल्याने यावर उपाय सांगून ठेवला आहे. हेरांनी एकमेकांना ओळखू नये, आणि तीन स्वतंत्र ठिकाणांहून आलेली बातमी जुळली तरच ती खरी मानावी. ज्याची बातमी वारंवार चुकेल त्याला दूर करावे, हेही त्याने सांगितले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या हेरखात्यात बहिर्जी नाईकांचे स्थान केवढे मोठे! सुरतेवर जाण्यापूर्वी त्यांनी आणलेली बातमी प्रसिद्ध आहे. १६७० मध्ये मराठी फौजा आपल्या वऱ्हाडात कारंज्यापर्यंत येऊन धडकल्या, त्या मुलखाची खडान्‌खडा माहिती असल्याशिवाय नव्हे. पण कोठे जायचे, कोणाला हात लावायचा, कोणाला लावायचा नाही, हा निर्णय महाराजांचा होता. बातमी नाईकांची, निर्णय राजाचा. ही रेषा स्वराज्यात कधी पुसली गेली नाही.

१९६२ नंतर ही रेषा पुन्हा आखण्याचा प्रयत्न एका मराठी नेत्याने केला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पराभवाची लष्करी चौकशी झाली आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी संसदेत निवेदन केले. अहवाल गोपनीय ठेवूनही, गुप्तवार्ता गोळा करण्याचे काम समाधानकारक नव्हते, माहिती मिळण्यात दिरंगाई होती आणि तिची मांडणी मोघम होती, एवढे त्यांनी सभागृहाला स्पष्ट सांगितले. राष्ट्राची गुपिते उघड न करता राष्ट्राच्या प्रतिनिधींना सत्य सांगता येते, याचा हा वस्तुपाठ आहे. गोपनीयता आणि उत्तरदायित्व एकत्र नांदू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

सप्टेंबर १९६८ मध्ये परराष्ट्रविषयक गुप्तवार्तेसाठी 'रॉ' ही स्वतंत्र संस्था रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली निर्माण झाली. ती थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत राहिली. तीनच वर्षांत, १९७१ च्या बांगलादेश युद्धात, तिने आपली योग्यता सिद्ध केली. परंतु याच काळात दुसरीही एक गोष्ट घडत होती. जून १९७० मध्ये इंदिरा गांधींनी यशवंतरावांकडून गृहखाते काढून स्वतःकडे घेतले. देशाचे सर्व कान एकाच व्यक्तीपाशी येऊ लागले.

आणीबाणीचा साक्षीपुरावा

आणि मग २५ जून १९७५ ची रात्र उजाडली. खरे तर मावळली. त्या रात्रीविषयी शहा आयोगापुढे जे आले, ते या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना निर्णयाची कल्पना त्याच रात्री देण्यात आली. राष्ट्रपतींची स्वाक्षरी मध्यरात्रीच्या सुमारास झाली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, सही झाल्यानंतर. आणि गुप्तचर विभागाचे संचालक आत्मा जयराम? १२ ते २५ जून या काळात, अंतर्गत आणीबाणी लादण्याजोगी परिस्थिती देशात आहे असा कोणताही अहवाल त्यांच्या विभागाने गृहमंत्रालयाला दिलेला नव्हता.

म्हणजे काय झाले, ते पाहा. गुप्तचर प्रमुखाने लोकनियुक्त नेत्याला वाकवले, असे घडले नाही. लोकनियुक्त नेत्याने मंत्रिमंडळ, गृहमंत्री आणि गुप्तचर प्रमुख या सर्वांना बाजूला सारले, आणि निर्णय झाल्यानंतर त्याच यंत्रणेला नागरिकांच्या मागे लावले. कुंपणानेच शेत खाल्ले. ३० जून रोजी पूजनीय बाळासाहेब देवरसांना नागपुरात अटक झाली. ४ जुलैला संघावर बंदी आली. वऱ्हाडातील कित्येक घरांतील कर्ते पुरुष 'मिसा'खाली आत गेले. ज्यांच्या पत्नींनी शिकवण्या करून, शिवणयंत्र चालवून एकोणीस महिने घर सावरले, अशा माता-भगिनी प्रत्येक गावात होत्या. त्यांच्या यजमानांविरुद्ध पुरावा काय होता? एक टिपण. ते कोणी लिहिले, हे त्यांना कळले नाही. ते खोडून काढण्याची सोय नव्हती.

वृत्तपत्रांना मुसके बांधले की राज्यकर्त्याला जग पाहण्यासाठी एकच खिडकी उरते, ती म्हणजे फाइल. आणि फाइल लिहिणारा जाणतो की मालकाला काय वाचायला आवडते. म्हणून हुकूमशाहीत गुप्तचर यंत्रणा बलाढ्य दिसते, परंतु आतून ती आंधळी होत जाते.

जनता सरकार आले, शहा आयोग नेमला गेला, गुप्तचर विभागाच्या राजकीय वापराचा प्रश्न ऐरणीवर आला आणि ज्येष्ठ प्रशासक एल. पी. सिंह यांची समितीही नेमण्यात आली. पण त्याच वेळी रागाच्या भरात 'रॉ'चे पंखही कापण्यात आले. काव निवृत्त झाले, संस्थेचा आवाका आखडला. गैरवापराची शिक्षा राष्ट्राच्या डोळ्यांना द्यायची नसते. रोग राजकीय इच्छेचा होता. छाटणी मात्र हेरांची झाली.

यानंतरही यंत्रणेची सावली राजकारणावर पडतच राहिली. दूरध्वनी ऐकल्याच्या प्रकरणात १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावे लागले. १९९१ च्या मार्चमध्ये राजीव गांधींच्या निवासस्थानाबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडल्याचे निमित्त झाले आणि चंद्रशेखर यांचे केंद्र सरकार गेले. दोन शिपाई आणि एक सरकार! पाळतीच्या प्रश्नात केवढा दारूगोळा असतो, हे यावरून दिसते.

शेजारी आणि सातासमुद्रापार

ज्या देशांत ही रेषा पुसली गेली, त्यांची अवस्था डोळ्यांसमोर आहे. पाकिस्तानात १९९० च्या निवडणुकीत 'आयएसआय'च्या मार्फत राजकारण्यांना पैसे वाटले गेले, हे तेथील सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ च्या निकालात मान्य केले. तेथे पंतप्रधान गुप्तचर प्रमुखाची नेमणूक करतो की गुप्तचर प्रमुख पंतप्रधानाची, हा प्रश्न विनोदाचा राहिलेला नाही. रशियात गुप्तचर संस्थेचा प्रमुखच देशाचा प्रमुख झाल्याची दोन उदाहरणे आहेत : १९८२ मध्ये आंद्रोपोव्ह आणि नंतर पुतिन.

अमेरिकेतही एडगर हूवर १९२४ पासून १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षे, आपल्या खात्याचा प्रमुख राहिला. आठ राष्ट्राध्यक्ष त्याने पाहिले. कोणाच्या कपाटात काय आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याच्या खुर्चीला हात लावायला कोणी धजावेना. त्याच्या मृत्यूनंतर अमेरिकेने केवळ हळहळ व्यक्त केली नाही. सिनेटच्या चर्च समितीने सखोल चौकशी केली आणि १९७६ मध्ये त्या पदाची मुदत कायद्याने दहा वर्षांवर आणण्यात आली. आणि ज्या इंग्लंडने आपल्याला ही यंत्रणा दिली, त्याने १९८९ आणि १९९४ मध्ये आपल्या गुप्तचर संस्थांसाठी कायदे केले, संसद सदस्यांची समिती नेमली.

आणि आपण? आपल्याकडे १९८५ चा एक कायदा आहे, पण तो गुप्तचर संस्थांच्या कर्मचाऱ्यांनी संघटना करू नये यासाठी आहे. संस्थेने काय करावे, काय करू नये, कोणाला उत्तर द्यावे, हे सांगणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. २०११ मध्ये एक खाजगी विधेयक मांडले गेले. ते संमत झाले नाही. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समिती आली, २००१ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिगटाने सुरक्षाव्यवस्थेची मोठी फेररचना सुचवली, मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी राहिली. क्षमता वाढली, आणि ती वाढायलाच हवी होती. उत्तरदायित्वाची चौकट मात्र राहूनच गेली.

अचलपूरचा प्रश्न

हा प्रश्न किती जवळचा आहे, ते पाहायचे तर दिल्लीपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. २०२१ मध्ये विधानसभेत आरोप झाला की, त्याआधीच्या काही वर्षांत पुण्यातून काही लोकप्रतिनिधींचे दूरध्वनी दुसऱ्याच नावांनी नोंदवून ऐकले गेले. त्यांत नाना पटोले यांच्यासह आपल्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांचेही नाव घेतले गेले. त्या काळात पुण्याच्या पोलीस आयुक्त असलेल्या आणि पुढे राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख झालेल्या रश्मी शुक्ला यांच्यावर २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदवले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले आणि पुढे त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. न्यायालयाने विषय संपवला आहे. कोणाकडेही बोट दाखवण्याचा अधिकार आता कोणाला नाही.

परंतु सामान्य मतदाराच्या मनातील प्रश्न संपत नाही, आणि तो दोन्ही बाजूंनी विचारला पाहिजे. आरोप खरा असता, तर तीन लाख मतदारांच्या प्रतिनिधीला तो वेळीच कळण्याचा मार्ग कोणता होता? आणि आरोप खोटा असता, तर एका वरिष्ठ अधिकाऱ्याला राजकीय चिखलफेकीपासून वाचवणारी यंत्रणा कोणती होती? उत्तर एकच : दोघांसाठीही नाही. दूरध्वनी ऐकण्याची परवानगी गृहसचिव देतो आणि तिचा आढावा घेणारी समितीही सचिवांचीच असते. तिच्यात ना न्यायाधीश, ना लोकप्रतिनिधी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही आढावा पद्धत घालून दिली, ती अंतरिम सोय म्हणून. सोय राहिली, न्यायिक देखरेखीची पुढची पायरी आली नाही.

आपले कर्तव्य

श्रोतेहो, २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिन्यांच्या गोळीबारात आपले दहा जवान धारातीर्थी पडले. त्या तुकडीचे नेतृत्व करणारे करमसिंग हे गुप्तचर विभागाचे अधिकारी होते. ज्यांना टाळ्या मिळत नाहीत, ज्यांच्या मुलांना वडील काय काम करतात ते सांगता येत नाही, अशा शेकडो अनामिकांमुळे आपण सुखाने झोपतो. त्यांच्याविषयी अविश्वास पसरवणे हे राष्ट्रकार्य नव्हे. उलट, त्यांना कायद्याचे कवच देणे हेच त्यांचे खरे ऋण फेडणे आहे. बेकायदेशीर तोंडी हुकूम आला तर 'साहेब, हे कायद्यात बसत नाही' एवढे म्हणण्याचे बळ त्या अधिकाऱ्याला फक्त लेखी कायदाच देऊ शकतो.

म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे. गुप्तवार्ता संस्थांना संसदेचा कायदा हवा. त्यात त्यांचे कार्यक्षेत्र आणि मर्यादा लिहिलेल्या असाव्यात. गोपनीयतेची शपथ घेतलेल्या निवडक खासदारांची, बंद दाराआड काम करणारी समिती हवी. आणि दूरध्वनी ऐकण्याच्या परवानग्यांच्या आढाव्यात एक न्यायिक व्यक्ती हवी.

येथे एक कटू गोष्टही स्पष्ट बोलली पाहिजे. १९३४ मध्ये आपण पुरावा मागितला. १९४८ मध्ये बंदी आली, ती १९४९ च्या जुलैपर्यंत टिकली, तेव्हाही आपण पुरावा मागितला. १९७५ मध्ये पुन्हा मागितला. ज्या काळात आपण फाइलीतले नाव होतो, त्या काळात ही मागणी सोपी होती. आज आपल्या विचारांची माणसे फाइल वाचणाऱ्यांच्या जागी आहेत. १९७७ मध्ये हे घडले नाही, १९९८ ते २००४ मध्येही घडले नाही, २०१४ नंतरही घडलेले नाही. सत्तेच्या खुर्चीवरून फाइल वेगळी दिसते, हे मानवी आहे. परंतु खुर्ची कायमची कोणाची नसते. आज आपण जो लगाम तयार करणार नाही, तो उद्या दुसऱ्याच्या हाती चाबूक होऊन येईल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जो न्याय आपण स्वतःसाठी मागितला तो विरोधकालाही देणे, यालाच राष्ट्रधर्म म्हणतात. १९३४ च्या सभागृहाने पक्ष पाहून प्रश्न विचारला नव्हता. प्रजेचा अधिकार पाहून विचारला होता.

अमरावती आणि अकोल्याच्या सुजाण नागरिकांनी आपापल्या आमदार-खासदारांना हा प्रश्न विचारावा, ते कोणत्याही पक्षाचे असोत. बातमी हेराने आणावी, निर्णय लोकांच्या प्रतिनिधीने घ्यावा आणि त्या प्रतिनिधीने लोकांना उत्तर द्यावे. ही साखळी जेथे तुटते, तेथे स्वराज्य संपते आणि केवळ राज्य उरते.